ब्रेक लावलेला असताना उलटे फिरलेले चाक: उतारावरील राइडिंग मोअरचे एक प्रकरण

हे प्रकरण माझ्याच घरचे आहे आणि त्यातील बहुतेक चुकाही माझ्याच आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्ग शहराच्या उत्तरेकडील एका उपनगरात आम्ही राहतो. हा सगळा भाग टेकड्यांचा आहे. आमची जागा साधारण सव्वा एकराची असून घरापुढचा भाग सपाट आहे, मागचे अंगण मात्र हळूहळू उतरत जाऊन शेवटी एका ओढ्याच्या काठावर संपते. एवढ्या जागेवरचे गवत ढकलायच्या यंत्राने कापायचे तर शनिवारचा अर्धा दिवस जातो. म्हणून या अपघाताच्या दोन वर्षे आधी एका गृहस्थांकडून बसून चालवायचे यंत्र, म्हणजे इथे सगळे ज्याला राइडिंग मोअर किंवा नुसते ‘ट्रॅक्टर’ म्हणतात ते, जुने विकत घेतले. एका सिलिंडरचे पुढे बसवलेले इंजिन, पोटाखाली दोन पात्यांचा ४२ इंची डेक (पाती झाकणारे लोखंडी कवच), पायाच्या पॅडलने पुढे-मागे चालणारे हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबाने चाकांना गती देणारे) ट्रान्समिशन आणि मागची दोन चाके ओढणारी, असे ते यंत्र आहे. चालवणाऱ्यासकट त्याचे वजन तीनशे किलोच्या घरात जाते.

यंत्राबरोबर माहितीपुस्तिका मिळाली नव्हती. ती मी घेतली त्या आठवड्यातच उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायला हवी होती. प्रत्यक्षात ती उतरवली अपघाताच्या दुसऱ्या दिवशी.

त्या सकाळी

मे महिन्यातला शनिवार होता. रात्रभर पाऊस पडून पहाटे थांबला होता. संध्याकाळी घरी पंधरा-वीस माणसे जेवायला येणार होती आणि आधीचा आठवडा पावसात गेल्यामुळे गवत चांगलेच वाढले होते. मी साडेनऊला यंत्र बाहेर काढले. वडील त्या वेळी सांगलीहून आमच्याकडे आले होते. एसटीच्या आगारातल्या कार्यशाळेत त्यांनी उभी हयात काढली असल्यामुळे कोणतेही यंत्र चालू झाले की ते खुर्ची ओढून पाहत बसतात. “अरे, अजून ओलं आहे, उन्हं येऊ दे,” असे ते म्हणाले, आणि मी “होईल, बाबा” असे म्हणून निघालो.

पुढचा भाग आणि मागच्या अंगणाचा वरचा पट्टा व्यवस्थित कापून झाला. खालच्या पट्ट्यात मी नेहमीप्रमाणे उताराला आडवा चालवत होतो, म्हणजे टेकडी एका हाताला आणि ओढा दुसऱ्या हाताला. तिसरी फेरी संपत आली तेव्हा चढाची बाजू माझ्या डावीकडे होती. कापलेले गवत बाहेर टाकणारे तोंड या यंत्राला उजवीकडे असते, त्यामुळे ओल्या गवताचा झोत उताराच्या बाजूला, म्हणजे मी ज्या जागेवर वळणार होतो नेमका तिथेच पडत होता. फेरीच्या टोकाला मी उजवीकडे, खालच्या दिशेने वळलो. यंत्राचे तोंड ओढ्याकडे झाले आणि वेग वाढतो आहे असे जाणवले, म्हणून पॅडलवरचा पाय उचलला. सपाटीवर पाय उचलला की हे यंत्र दोन-तीन फुटांत थांबते. इथे ते थांबले नाही. मी ब्रेकचे पॅडल तळापर्यंत दाबले, त्यानेही फरक पडला नाही. सुकाणू फिरवले तर पुढची चाके वळली पण यंत्र सरळच जात राहिले.

मी डावीकडे उडी मारली. ती बरोबर होती की चूक, याबद्दल आजही माझे मत पक्के नाही. यंत्र उलटले असते तर उडी मारणारा माणूस त्याच्याखाली सापडण्याची शक्यता असते, आणि उलटले नाही तर बसून राहणारा त्याच्याबरोबर ओढ्यात जातो. माझा घोटा मुरगळला, बाकी काही झाले नाही. यंत्र आणखी पंचवीसेक फूट घसरत गेले आणि काठावरच्या झुडपांत, एका जुन्या बुंध्यावर डेक आपटून थांबले. पुढे सुमारे पाच फुटांवर काठ संपत होता.

या सगळ्यात खरी भीती वाटावी अशी गोष्ट वेगळीच होती. मी खुर्चीवरून उतरल्यावरही इंजिन चालू होते आणि पाती फिरत होती. मी किल्ली बंद करायला धावणार तोच वरून बाबांचा आवाज आला, “जवळ जाऊ नकोस! आधी ते थांबू दे!” काही क्षणांत बुंध्यात पाते अडकून इंजिन आपोआप बंद पडले. बाबा खाली आले ते माझा घोटा पाहायला नव्हे, तर मागची चाके पाहायला. “तू ब्रेक दाबला होतास ना? मग डावं चाक उलटं का फिरत होतं?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

ब्रेक कुठल्या चाकाला आहे

मला तो प्रश्न आधी कळलाच नाही. घसरताना चाक अडकून घसरेल, फार तर पुढे फिरेल. उलटे कसे फिरेल? पण वरून बसून पाहणाऱ्या माणसाला ते स्पष्ट दिसले होते: मी ब्रेक दाबलेला असताना उजवे चाक पुढे गडगडत होते आणि डावे चाक त्याच्या विरुद्ध दिशेने फिरत होते. पुढे काही फुटांवर दोन्ही चाके नुसतीच घसरू लागली.

रविवारी यंत्र गॅरेजमध्ये आणल्यावर बाबांनी त्याची उकल हाताने करून दाखवली. सपाट काँक्रीटवर पुढच्या चाकांना लाकडी अडथळे लावले, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधली, जॅकने मागचा भाग उचलून तो दोन स्टँडवर टेकवला आणि हँडब्रेक लावला. मग त्यांनी डावे चाक हाताने फिरवले. ते सहज फिरले आणि उजवे चाक तितक्याच वेगाने उलट दिशेला फिरू लागले. ब्रेक पूर्ण लागलेला होता.

एसटीच्या गाडीत, किंवा कुठल्याही मोटारीत, प्रत्येक चाकाला स्वतःचा ब्रेक असतो. एका चाकाखाली चिखल आला तरी बाकीची चाके धरून ठेवतात. आमच्या या यंत्रात ब्रेकची एकच चकती आहे आणि ती मागच्या चाकांवर नसून ट्रान्समिशनच्या दांड्यावर, डिफरन्शियलच्या अलीकडे बसवलेली आहे. पॅडलवरचा पाय उचलल्यावर हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनचा जो अटकाव मिळतो तोही तिथूनच येतो. डिफरन्शियलचे काम वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणे हे आहे. त्याच्याकडे येणारा दांडा जाम झाला, तर दोन्ही चाके मिळून पुढे जाऊ शकत नाहीत, परंतु एक पुढे आणि दुसरे मागे असे मात्र बिनदिक्कत फिरू शकतात. दोन्ही टायरना जमिनीची सारखी पकड असेल तोवर हे घडत नाही. ज्या क्षणी एका टायरची पकड सुटते त्या क्षणी ते चाक उलटे फिरू लागते आणि दुसऱ्या, पकड असलेल्या चाकाचा ब्रेकही जणू नाहीसा होतो. म्हणजे ब्रेकची ताकद नेहमी कमी पकड असलेल्या चाकाइतकीच राहते.

आडव्या उतारावर कमी पकड कोणत्या चाकाला असते? चढाच्या बाजूच्या. कारण यंत्र कलल्यावर त्याचे वजन खालच्या बाजूच्या चाकांवर जाते आणि वरचे चाक हलके होते. माझे डावे चाक तेच होते, आणि वळताना ते ताज्या, ओल्या, कापलेल्या गवताच्या थरावर गेले होते.

वजनाचा दुसरा हिशोब त्याहून कठोर आहे. पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत, म्हणून यंत्राला उतारावर धरून ठेवण्याचे सगळे काम मागच्या दोन टायरनी करायचे असते. यंत्राचे तोंड खाली असताना वजन पुढे सरकते; मागे साधारण निम्मे वजन राहिले असे धरू. १५ अंशांच्या उतारावर उताराच्या दिशेची ओढ आणि जमिनीवरचा दाब यांचे गुणोत्तर ०.२७ असते, पण धरणारी चाके निम्मेच वजन वाहत असल्यामुळे त्या टायरना ०.५४ इतका घर्षणांक (टायर आणि जमीन यांच्यातल्या पकडीचा आकडा) लागतो. ११ अंशांवर हीच गरज ०.३९ होते, १९ अंशांवर ०.६९. गवताला इजा होऊ नये म्हणून या यंत्रांचे टायर कमी खोल नक्षीचे, रुंद आणि मऊ असतात. ओल्या गवतावर ते ०.६९ कुठून आणणार?

या हिशोबानंतर पुस्तिकेतले एक वाक्य मला नव्याने कळले. ज्या उतारावर यंत्र रिव्हर्समध्ये, उलटे चढवता येत नाही, त्या उतारावर ते चालवू नये, असे जवळजवळ प्रत्येक उत्पादक सांगतो. वरवर पाहता हा सल्ला विचित्र वाटतो, कारण उलटे चढायची वेळ येते कधी? पण मागे चढताना यंत्राचे तोंड खालीच असते आणि मागची चाके हलकीच असतात. उतरताना ब्रेक लावल्यावर जी अवस्था येणार, तिचीच ही परीक्षा असते, फक्त फसली तरी वेग नसताना फसते. (पात्यांचा क्लच बंद ठेवून, कोरड्या गवतावर आणि खाली मोकळी सपाट जागा असतानाच ती करावी, ही अट मात्र मी स्वतःच्या अनुभवाने जोडतो.)

उतार मोजला तेव्हा

दोन वर्षे त्या पट्ट्यावर यंत्र चालवूनही त्याचा उतार मी कधी मोजला नव्हता. मोजायला लागले काय, तर ४ फूट लांबीची पाणसळ आणि मोजपट्टी. पाणसळीचे एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवायचे, बुडबुडा मध्ये येईपर्यंत दुसरे टोक उचलायचे आणि त्या टोकाखालचे अंतर मोजायचे. ४ फुटांत सुमारे १३ इंच अंतर आले, तर तो उतार १५ अंशांचा असतो, आणि अनेक लॉन ट्रॅक्टरच्या पुस्तिकांत तीच शेवटची मर्यादा दिलेली असते. आमच्या वरच्या पट्ट्यात साडेनऊ इंच आले, म्हणजे ११ अंश. खालच्या पट्ट्यात साडेसोळा इंच आले, म्हणजे १९ अंश. डोळ्यांना या दोन पट्ट्यांत फारसा फरक दिसत नाही, कारण टेकडीवर राहणाऱ्या माणसाच्या नजरेला उतार सपाट वाटू लागलेला असतो.

शिवाय मी तिथे आडवा चालवत होतो. ही सवय कुठून आली ते मला ठाऊक आहे. ढकलायचे यंत्र उताराला आडवेच चालवायचे असते, कारण वर-खाली चालवताना पाय घसरला तर माणूस यंत्राखाली जातो किंवा यंत्र माणसावर येते. बसून चालवायच्या यंत्राचा नियम नेमका उलटा आहे: वर-खाली जायचे, आडवे जायचे नाही, आणि उतारावर शक्यतो वळायचेच नाही. धोका बदलला की नियम बदलतो, पण हात-पाय जुनाच नियम पाळत राहतात.

टायरमधली हवा तपासली तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. मागच्या टायरना पुस्तिकेने १० पीएसआय सांगितले होते. आमच्या टायरमध्ये २४ होते. ती हवा एप्रिलमध्ये मीच भरली होती, मोटारीत हवा भरायच्या पंपाने, आणि ‘थोडी जास्त असलेली बरी’ अशा समजुतीने. टणक टायरचा जमिनीला टेकणारा भाग लहान होतो, खाचखळग्यांवर तो उसळतो आणि पकड आणखी कमी होते. बाबांनी आकडा पाहिला आणि काही न बोलता हवा सोडायला घेतली.

खुर्चीखालची तार

उतार, ओलावा आणि टायर यांमुळे यंत्र घसरले. परंतु रिकाम्या खुर्चीनिशी पाती फिरत राहिली, याचे कारण वेगळे होते आणि ते मला अधिक गंभीर वाटते.

खुर्ची वर उचलल्यावर तिच्याखाली एक छोटा स्विच असतो. चालवणारा बसलेला आहे, हे यंत्राला त्यावरून कळते. पाती जोडलेली असताना, किंवा ब्रेक लावलेला नसताना, माणूस खुर्चीवरून उठला तर इंजिन बंद पडले पाहिजे. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे चालवणारा खुर्ची सोडतो तेव्हा पाती ५ सेकंदांच्या आत थांबायला हवीत. ढकलायच्या यंत्रांसाठी तर मूठ सोडल्यावर ३ सेकंदांत पाते थांबावे, असा अमेरिकी सरकारी नियम १९८२ पासून लागू आहे. आमच्या यंत्रात या स्विचची जोडणी काढून तिच्या दोन टोकांत दोन इंचांची एक तार अडकवलेली होती आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. यंत्राच्या दृष्टीने खुर्चीवर अहोरात्र माणूस बसलेला होता.

ती तार मी बसवली नव्हती, पण तेवढ्याने मी सुटत नाही. गेली दोन वर्षे मध्येच पडलेली फांदी उचलायला मी खाली उतरत असे, इंजिन चालूच राहत असे, आणि मला ते सोयीचे वाटत असे. बंद पडायला हवे, हे माहीत नसल्यामुळे चालू राहण्याचे आश्चर्यही वाटले नाही. पात्याच्या टोकाच्या वेगावर अमेरिकी मानकाने मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा घातलेली आहे, म्हणजे तासाला जवळपास ३५० किलोमीटर. त्याच्या आसपास फिरणाऱ्या पोलादाच्या पट्टीपासून हातभर अंतरावर वाकून मी काड्या वेचत होतो.

ही सोय फक्त चालवणाऱ्याच्या जिवावर उठत नाही. आमची मुलगी सहा वर्षांची आहे. बाबांच्या पिढीत गावाकडे ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून लहान मुलांनी शेतात जाणे अगदी रोजचे होते, आणि मीही तिला मांडीवर घेऊन दोन-चार फेऱ्या मारल्या होत्या. पाती बंद ठेवून, असे मी मनाशी समर्थन करत असे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना १६ वर्षांखालील मुलाने हे यंत्र चालवू नये, मुलांना कधीही सोबत बसवू नये आणि ६ वर्षांखालील मुलांना गवत कापताना घरातच ठेवावे, असे सांगते. सोबत बसवण्याला विरोध करण्यामागे पडण्याची भीती आहेच, पण दुसरे कारण मला जास्त पटले: ज्या मुलाला या यंत्रावर फेरी मिळालेली असते, ते मूल पुढच्या वेळी इंजिनचा आवाज ऐकला की फेरी मागायला धावत येते, आणि बहुधा मागून येते. यंत्र मागे घेताना पाती बंद करण्याची जी व्यवस्था असते, ती याचसाठी. तिच्यावर मात करणारे बटणही यंत्रात असते. ते बटण आमच्या घरी आता कोणी दाबत नाही. कोपऱ्यात जायचे असेल तर पाती बंद करून, दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून यंत्र मागे घेतले जाते.

नवा स्विच आणून मूळ जोडणी परत बसवली आणि त्याची परीक्षा ठरवली. सपाट जागेवर, आजूबाजूला कोणी नसताना, पाती जोडायची आणि खाली न उतरता खुर्चीवरून फक्त अंग उचलायचे. इंजिन बंद पडलेच पाहिजे. प्रत्येक वेळी गवत कापण्याआधी ही परीक्षा होते. तिला दहा सेकंद लागतात.

दुरुस्ती

बुंध्यावर आपटल्यामुळे डावे पाते वाकले होते आणि ते ज्या आसावर फिरते तो स्पिंडलही हलत होता. वाकलेले पाते ठोकून सरळ करू नये. सरळ दिसले तरी त्यात बारीक तडा राहू शकतो आणि त्या वेगाने तुटलेला तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. दोन्ही पाती नवी घेतली, स्पिंडल बेअरिंगसकट बदलला आणि नट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याइतके आवळले. डेकखाली हात घालण्यापूर्वी किल्ली काढणे, स्पार्क प्लगची वायर काढणे आणि यंत्र जॅकवर नव्हे तर स्टँडवर टेकवणे, हा क्रम बाबांनी एकदाही मोडू दिला नाही. हातांत जाड मोजे होते.

जुनी पाती उतरवल्यावर दिसले की ती बोथट होती. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते. टोके पांढरी पडतात, इंजिनवर ताण येतो आणि एकाच जागेवरून दोनदा जावे लागते. त्या सकाळी खालच्या पट्ट्यात मी तेच करत होतो. धार लावताना मूळ कोन तसाच ठेवायचा आणि ग्राइंडरवर पाते निळे पडेपर्यंत तापवायचे नाही, कारण मग पोलादाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरते. धार लावून झाली की भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकातून पाते आडवे टांगायचे. एक बाजू खाली गेली तर त्या बाजूचे थोडे लोखंड आणखी घासायचे. असंतुलित पात्याच्या थरथरीने स्पिंडलची बेअरिंग लवकर जातात.

डेकच्या आतल्या बाजूला वाळलेल्या गवताचा जाड थर होता, तो खरवडून काढला. इंजिनचा धूर बाहेर सोडणाऱ्या गरम मफलरभोवतीही वाळका कचरा अडकलेला होता, आणि आग लागायला तेवढा पुरतो. डेक पुन्हा बसवताना तो डावी-उजवीकडे समपातळीत आणि पुढच्या बाजूला थोडा खाली असा लावला. कापणीची उंची तीन इंचांवर ठेवली. इथल्या ब्लूग्रास आणि फेस्क्यू गवताला ती मानवते, आणि एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये हा नियम पाळला, तर ओल्या गवताचे ढीग पडण्याचा प्रश्नही निम्मा होतो.

तेल, हवेचा फिल्टर, प्लग यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आमच्या इंजिनला तेल ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायचे असते आणि ते काम मी आधीपासून करत होतो. पेट्रोलबाबत एवढेच, की दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले चालते, १५ टक्क्यांचे या इंजिनांना चालत नाही. ते यंत्र थंड असताना आणि गॅरेजबाहेर भरायचे, कारण आमच्या गॅरेजात गॅसवर चालणारा पाणी तापवायचा बंब आहे आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत त्याच्यापर्यंत पोहोचू शकते.

बाबांनी एक शंभर पानी वही गॅरेजच्या भिंतीवर दोरीने टांगली. त्यात तारीख, यंत्राच्या मीटरवरचे तास, काय तपासले, काय बदलले आणि कोणी केले हे लिहायचे. “कोणी केलं हा रकाना कधी रिकामा सोडायचा नाही,” असे त्यांनी बजावले. पहिल्या नोंदीत तार काढल्याची तारीख त्यांच्या अक्षरात आहे.

खालच्या पट्ट्याचे काय केले

टायरवर साखळ्या लावाव्यात, मागे वजन बांधावे, नाहीतर उतारासाठी वेगळे यंत्र घ्यावे, असे तीन पर्याय शेजाऱ्यांनी सुचवले. पहिल्या दोहोंनी पकड वाढली असती, पण डिफरन्शियलचे वागणे बदलले नसते आणि १९ अंशांचे १५ झाले नसते. तिसरा पर्याय महाग होता. काही यंत्रांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान आणि तिच्याबरोबर पट्टा असतो. आमच्या प्रकारच्या यंत्राला ती कमान नसते, आणि कमान नसलेल्या यंत्रावर स्वतःला पट्ट्याने बांधून घेणे हे उलट अधिक घातक.

शेवटी तो पट्टा लॉनमधून वगळला. पाणसळीने मोजत जाऊन जिथे ४ फुटांत १० इंचांपेक्षा जास्त अंतर आले, म्हणजे साधारण १२ अंशांच्या पुढे, तिथे एक रेघ आखून लहान झेंड्या लावल्या. १५ ची परवानगी असताना १२ का, असे पत्नीने विचारले. पुस्तिकेतला आकडा कोरड्या गवतासाठी, योग्य हवा असलेल्या टायरसाठी आणि सावध चालकासाठी असतो; तिन्ही गोष्टी दर शनिवारी एकत्र येतील याची मला खात्री नव्हती. रेघेखाली लिटल ब्लूस्टेम हे इथलेच उंच वाढणारे गवत आणि काही झुडपे लावली. पहिल्या वर्षी तिथले तण फिरत्या दोरीने तण कापणाऱ्या हातातल्या यंत्राने चालत चालत काढले, बूट आणि चष्मा घालून. ओढ्याच्या काठाची मातीही आता पूर्वीइतकी वाहून जात नाही, हा न मागता मिळालेला फायदा.

पावसानंतर किती वेळ थांबायचे, याचा नियमही साधा ठेवला आहे. उतारावर बूट घासून पाहायचा. तो घसरला तर त्या दिवशी कापणी नाही, पाहुणे कितीही येणार असोत.

पुढच्या वसंतात

नोव्हेंबरात पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (साठवलेले पेट्रोल खराब होऊ न देणारे द्रव्य) घालून इंजिन थोडा वेळ चालवले, बॅटरी काढून चार्जरवर ठेवली, डेक धुऊन सुकवला आणि यंत्र झाकून ठेवले. एप्रिलच्या शेवटी पहिल्या कापणीसाठी ते बाहेर काढले. इंजिन सुरू झाले, पण ब्रेकवरचा पाय उचलताच बंद पडले. तीनदा तसेच झाले. खुर्ची उचलून पाहिले तर हिवाळ्यात उंदरांनी तिथे घरटे केले होते आणि स्विचकडे जाणारी वायर कुरतडली होती. खुर्चीवर कोणी बसलेले आहे, हे यंत्राला कळतच नव्हते, म्हणून ते बंद पडत होते. म्हणजे ते अगदी बरोबर वागत होते.

गवत पाच इंच वाढले होते, शनिवारची सकाळ होती, ऊन होते, सगळे कोरडे होते. हत्यारांच्या खणात मागच्या वर्षी काढलेली ती दोन इंची तार अजून पडलेली होती. ती लावली असती तर पाच मिनिटांत मी लॉनवर असतो. आधीच्या मालकाने ती का लावली असेल, याचा अंदाज मला तेव्हा पहिल्यांदा आला. त्याच्याही बाबतीत बहुधा असाच एखादा शनिवार असावा आणि सोमवारी वायर बदलायची, असे त्याने ठरवले असावे.

वायरचा जोड मागवला, तो चार दिवसांनी आला. तोवर घरापुढचे गवत शेजाऱ्यांचे ढकलायचे यंत्र आणून कापले आणि मागचे तसेच वाढू दिले. बुधवारी संध्याकाळी नवी वायर बसवली, अंग उचलून परीक्षा घेतली, इंजिन बंद पडले. वहीत नोंद केली आणि शेवटच्या रकान्यात माझे नाव लिहिले. ती तार कापून कचऱ्यात टाकली, हेही त्याच ओळीत लिहिले आहे.